वीतभर आखूड

मी एक जुनी रायफल आहे. पण दचकू नका, मित्रांनो. माझ्या नळीतून आजवर साधा फटाकाही सुटलेला नाही, कारण मला नळीच नाही. मी सागाच्या फळीची आहे, आणि एकत्र जन्मलेल्या आम्हा वीस जणींत मीच सगळ्यांत आखूड.

माझा जन्म १९९९ सालचा. तिकडे पहाडांवर लढाई चालली होती आणि इकडे गोंदियाजवळच्या एका मिशन शाळेला पंधरा ऑगस्टच्या कवायतीसाठी बंदुका हव्या होत्या. मुर्री गावच्या बकाराम सुताराला ते काम मिळालं. एकोणीस बंदुका सरळ उतरल्या. विसाव्या फळीच्या टोकाला मात्र गाठ निघाली. ती कापून टाकताना मी खांद्याला टेकवायच्या दस्त्याकडून वीतभर कमी भरले. बकारामने मला हातात तोललं आणि स्वतःशीच म्हणाला, "आखूड झाली बाप्पा, पण लाकूड तेच आहे."

मला अजून ते वाक्य आवडतं. माझ्या आयुष्यात आवडण्याजोगं फार काही घडलेलं नाही, म्हणूनही असेल.

शाळेचे मुख्याध्यापक एलिया सर. आठवडाभर ते शाळा चालवत आणि रविवारी शेजारच्या चर्चमध्ये उपदेश करत. त्यांनी मला पाहून नाक मुरडलं. एकोणीस मुलांनी एकोणीस बंदुका खांद्यावर घेतल्या, मुलींच्या हातात कागदाची फुलं दिली गेली आणि मी चर्चच्या मागच्या खोलीत दाराआड जाऊन पडले. तिथे माझे काय हाल झाले, ते सांगतानाही किळस येते. तुंबलेली मोरी माझ्या टोकाने मोकळी केली. चिचुंद्र्या माझ्या फटक्यांनी मारल्या. मंडळीतली भलीभली माणसं प्रार्थनेआधी त्याच कोपऱ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकत आणि तोंड पुसून आत जाऊन डोळे मिटत. ते लाल ओघळ माझ्या अंगावर वाळत.

वर्षातून एकदा मला धुवून काढत, ते नाताळच्या नाटकासाठी. नाटकात एक दुष्ट राजा गावातली तान्ही बाळं मारायला शिपाई पाठवतो, आणि त्या शिपायाच्या हातात मी असे. कापडाच्या बाहुल्यांवर मला आपटत. लोक टाळ्या वाजवत. त्या हातांत मी शोभते का, असा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

२००४ साली टीनाने मला उचललं. टीना आठवीत होती. चर्च झाडणाऱ्या गीताबाईची ती मुलगी. तिने ओल्या फडक्याने माझ्यावरचे खर्र्याचे डाग घासून काढले, मला खांद्याला लावलं, आणि मी तिला नेमकी बसले. वीतभर कमी असण्याचा तो पहिला फायदा. तेव्हापासून रोज पहाटे चर्चमागच्या धानाच्या बांधीवरून ती मला घेऊन धावायची. पुढे तिचा मोठा भाऊ भूपेंद्र सैन्यात भरती झाला. निघण्याआधी सारी मंडळी त्याच्यासाठी उभी राहिली, एलिया सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. टीना बायकांच्या बाजूला बसून ते पाहत होती.

पायदळाची दारं तेव्हा मुलींना बंद होती. पण २००९ साली सीमेवर पहारा देणाऱ्या एका फौजेने मुलींची भरती काढली. टीनाने अर्ज भरला. त्याला शाळेचा चारित्र्याचा दाखला जोडायचा होता, आणि शेवटची तारीख होती मंगळवार. एलिया सरांनी पंधरा दिवस तिला आज ये, उद्या ये केलं. शेवटच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरूनच उत्तर दिलं. स्त्रीने पुरुषाचा वेष अंगावर घालू नये, असं शास्त्र सांगतं. मग वर्दी कशी चालेल, बंदूक कशी चालेल?

उपासना संपल्यावर टीना ओसरीवर त्यांच्यापुढे उभी राहिली. मी तिच्या हातात होते.

"सर, कायद्यापुढे सगळे सारखे. तुम्हीच नागरिकशास्त्रात शिकवलं."

"कायदा दिल्लीचा," एलिया सर म्हणाले. "शास्त्र देवाचं. आणि शास्त्र म्हणतं, वैऱ्यावर प्रेम कर."

"मग भूपेंद्रले ते काऊन नाई सांगितलं?"

एलिया सर हसले. तसलं हसू मला ओळखीचं आहे. शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर ते तसंच हसत. "भूपेंद्र पुरुष आहे, बेटा."

गीताबाई तोवर झाडू घेऊन खाली बघत उभी होती. खरं तर मुलीने बंदूक धरावी हे तिच्याही मनाला लागत होतं. माणूस मारायचा तर मुलगा काय आणि मुलगी काय, पाप ते पापच, असं ती घरी म्हणाली होती. पण आता तिने मान वर केली.

"सर, ते वचन अर्धंच काऊन वाचलं जी? पुढं लिवलं आहे का पुरुषानं बाईचा कपडा घालू नये. मांगच्या नाताळात तुमी राजा झालते, तवा माया जांभळा लुगडा गुंडाळून उभे होते. तो लुगडा अजून वापस नाई आला."

बायकांच्या बाजूने आधी एक खसखस, मग सगळा हशा आला. एलिया सरांचे कान लाल झाले. त्यांच्याच शास्त्रात एक बाई सैन्याच्या पुढे चालली होती, पण ते पान त्या चर्चमध्ये कधी उघडत नसे.

सोमवारी दाखला मिळाला. त्यात त्यांनी लिहिलं होतं, 'चारित्र्य समाधानकारक.' शिक्षकांच्या खुर्च्या मोडणाऱ्या पोरांनाही ते 'उत्तम' लिहीत. एवढ्या एका शब्दात माणूस किती खालच्या थराला जाऊ शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. टीनाने कागद घडी करून ठेवला. भरतीच्या धावण्यात ती दुसरी आली.

मी पुन्हा दाराआड गेले. चार वर्षं गेली. मग सीमेवर उभ्या टीनाचा फोटो पेपरात छापून आला आणि एलिया सरांचं प्रेम एकदम उतू गेलं. मला शोधून आणलं, पॉलिश केलं, शाळेतल्या काचेच्या कपाटात ठेवलं, खाली पाटी लावली: 'आमच्या कन्येने या रायफलीवर सराव केला.' पण कपाटात मी आखूड दिसत होते. म्हणून त्यांनी बाजारातून वीतभर लाकूड आणवून माझ्या दस्त्याला सरसाने चिकटवलं. मित्रांनो, खर्र्याच्या थुंकीनेही मला इतकी शिसारी आली नव्हती.

२०१४ च्या नाताळात टीना सुट्टीवर आली. शाल झाली, नारळ झाला. मग तिने कपाट उघडून मला खांद्याला लावलं, आणि मी बसले नाही. तिने दस्त्यावर बोट फिरवलं, सांधा सापडला. बकाराम समोरच बसला होता, आता केस पिकलेला.

"काका, आरी आहे का जी?"

बकारामने झोळीतून आरी काढली आणि सर्वांदेखत तो तुकडा उतरवला. टीनाने मला सातवीतल्या रुचीच्या हातात दिलं. एलिया सर म्हणाले, "पण कपाट रिकामं दिसेल ना."

कागदाच्या फुलांच्या रांगेत आता एक बंदूक आहे. मुली मला पाळीपाळीने घेतात. माझ्यावर ओरखडे पडतात, पडू द्या. मित्रांनो, जुन्या वस्तूला काचेमागे कोंडून तिची काळजी घेतल्याचं सोंग करू नका. तिला हातात घ्या. आणि ती तुमच्या मापाची नाही म्हणून तिला ठिगळ लावू नका.

कपाट रिकामं राहिलं नाही. पाटी तीच आहे, आणि आत माझा तो कापलेला वीतभर तुकडा ठेवला आहे. टीनाचा हात ज्याला सरावात एकदाही लागला नाही, त्या लाकडाला एलिया सर दर सव्वीस जानेवारीला हार घालतात.