न लागलेला चटका

किमयाचं कपाळ लहानपणापासूनच मोठं. निडी गावच्या शाळेत मुली तिला ‘पाटी’ म्हणायच्या. पेणहून विशालच्या घरचे बघायला आले, तेव्हा त्याची आई हसत म्हणाली, “पोरगी चांगली हाय गो, कपाळच तेवढं जास्त.” पसंती आली, पण ते बोलणं किमयाच्या मनातून जाईना. रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करून साठवलेलं सगळं तिने ऑपरेशनला घातलं. मुंबईच्या डॉक्टरांनी कपाळाच्या कातडीची एक पट्टी कापून काढली आणि केसांची कड पुढे ओढून शिवली. आई वैशालीशिवाय कुणालाच याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “काही महिने केस ओढून बांधायचे नाहीत, रंग लावायचा नाही, गरम मशीन तर मुळीच नाही. पुढचा भाग बधिर राहील. भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही.”

जखम नुकती भरत होती, व्रण पुढच्या बारीक केसांत लपत होता, तोच विशालच्या आजीने अंथरूण धरलं आणि साखरपुडा घाईने ठरला. होणारी नणंद दिपिका तिला स्वतः पेणच्या पार्लरात घेऊन गेली. वैशालीही सोबत होती.

“सैलच बांधा हां,” किमया म्हणाली, “माझं डोकं दुखतं.”

“सैल कसं चालेल? फोटोत केस विस्कटलेले दिसतील,” दिपिका पार्लरवालीला म्हणाली. “घट्ट अंबाडा घाला, आणि पुढच्या बटा मशीनवर कुरळ्या करा.”

किमयाने आईकडे पाहिलं. वैशालीने तिचा हात दाबला. “होऊ दे गो. एका दिवसाचं तर हाय.”

खरं कारण सांगायचं तर दिपिकासमोर सगळंच सांगावं लागलं असतं. गरम मशीन कपाळाशी आलं. पार्लरवालीने विचारलं, “लागतंय का?”

“नाय,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. करपल्याचा वास आला तेव्हा सगळ्यांना तो स्प्रेचा वाटला.

दुसऱ्या दिवशी वैशालीने अंबाडा सोडला. व्रणावर फोड आले होते, डाव्या बाजूला जखम उसवली होती. पुढे त्यात पू झाला आणि केसांचे पुंजके हातात येऊ लागले.

डॉक्टरांनी केस बाजूला करून पाहिलं. “इथली मुळं गेली. वर्षभर तरी काही करता येणार नाही. नंतर बघू, पण फार आशा ठेवू नका.”

लग्न तोंडावर आलं होतं. किमयाने विशालला रोह्याच्या एसटी स्टँडवर बोलावलं, एका बाजूला नेऊन ओढणी मागे केली आणि सगळं सांगून टाकलं. तो शिव्या देईल, नाहीतर जवळ घेईल, असं तिला वाटलं होतं.

“दुखतं?” त्याने विचारलं.

“नाय. काहीच लागत नाय तिथे.”

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “आईला नको कळू देऊ. घरात डोक्यावरून पदर घेत जा.”

“किती दिवस?”

पेणची गाडी लागली, तसा तो चढला.

लग्न मोडलं नाही. मोडलं असतं तर एकदाची सुटले असते, असं किमयाला वाटत राहिलं. वैशालीने खोट्या केसांची पट्टी आणली. ती क्लिपांनी उरलेल्या केसांनाच अडकवायची होती, म्हणजे पुन्हा तीच ओढ. लग्नाच्या सकाळी आई क्लिप उघडून उभी राहिली. किमयाने डोकं पुढे केलं.