काट्या कुणी टाकल्या

मित्रांनो, विट्याच्या पूर्वेला, पवनचक्क्यांच्या माळावर, एका विहिरीशेजारी मी पडून असते. मी एक जुनी दगडी डोण, मेंढरांना पाणी पाजायची. एका वडाराने मला अखंड काळ्या दगडातून कोरून काढले. तीन पिढ्यांची मेंढरे माझ्यात पाणी प्यायली. म्हातारी धनगरीण हरणाबाई माझ्या गुळगुळीत काठावरून हात फिरवून म्हणायची, "लय गुनाची हाय माझी डोन."

हरणाबाईची माणसे दिवाळी झाली की मेंढरे घेऊन कृष्णाकाठाला उतरतात आणि मृगाला परततात. निघताना ती मला उपसून कोरडी करायची आणि विहिरीच्या तोंडावर बोराटीच्या काट्या रचायची. मागे कुणाचे करडू आत पडू नये, एवढाच हेतू.

एकदा ती गेल्यावर, माघात, संयोगिता आली. आष्ट्याची, शिकलेली, मनाने चांगली पोर. माळावर वाऱ्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा कारखाना व्हायचा होता. म्हणे, धूर नसलेले इंधन! पण ते करताना पाण्याला, मातीला, हवेला काय सोसावे लागेल, हे तपासून तिला अहवाल द्यायचा होता. पवनचक्कीची पाती घडवण्यापासून गॅसच्या टाक्या वाहणाऱ्या ट्रकपर्यंत सगळीकडच्या धुराचा हिशेब तिने बारकाईने मांडला. विहिरीत दोर सोडून पाणीही मोजले. मग काट्या पाहिल्या, माझ्यातला पाचोळा पाहिला आणि वहीत लिहिले, 'वापरात नाही.' आपल्याला बोलता येत नाही याचे एवढे दुःख मला कधी झाले नव्हते.

त्या मृगाला हरणाबाई आली, काट्या काढल्या, मला भरले. तिला कुणी काही सांगितले नाही. पुढच्या मृगाला मात्र विहिरीवर काँक्रीटचे झाकण होते आणि त्यातून जाड पाइप कारखान्याकडे निघाला होता. तहानलेली मेंढरे धावत आली आणि माझा कोरडा तळ चाटू लागली. माझा जीव तुटला हो.

संयोगिता तेव्हा पुन्हा पाहणीला आली होती. काट्या टाकून विहीर सोडून दिली होती ना, असे तिने विचारले. हरणाबाई तिला म्हणाली, "बाई, काट्या आमीच टाकल्यात्या. कुनाचं करडू पडाय नगं म्हून. टाकून दिल्याली हीर न्हवं ती."

पोरीचा चेहरा उतरला. "आजी, तेव्हा विचारायला इथं कुणीच नव्हतं."

"मग आमी येईस्तवर थांबायचं व्हतं."

संयोगिताने चूक वर कळवली. अहवाल मंजूर झाला आहे, एवढेच उत्तर आले. जवळपास दुसरे पाणी नव्हते. आठवड्याभरात हरणाबाईने पाल गुंडाळले. "आता हिकडं येनं न्हाई," ती लेकाला म्हणाली.

निघताना तिने सवयीने बोराटीची फांदी तोडून आणली. विहिरीला तोंडच उरले नव्हते. मग ती फांदी तिने माझ्यावर ठेवली.

मित्रांनो, तुम्ही कधी मोजमाप करायला निघालात, तर बंद दार बघून तिथे कुणी राहत नाही असे लिहू नका. गेलेला माणूस कधी परतणार, तेवढे विचारा. मला आता त्याचा उपयोग नाही. वहीतले ते दोन शब्द खरे झाले आहेत.