ठमा आणि धाकटी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. ॲल्युमिनियमची, सोळा फुटी, पोटाला दोन ठिकाणी पोचे. राहते कॅल्गरीत. समुद्र म्हणाल तर मी अजून पाहिलेला नाही. माझं पाणी म्हणजे घोस्ट लेक, आणि ते गोठलेलं असतं तेव्हा मी घरामागं ताडपत्रीखाली झोपलेली असते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रे वाकवले, रिबिटं ठोकली, पाणी भरून बघितलं कुठं गळतेय का. नाही गळाले. पहिला मालक एक अबोल म्हातारा. मासा लागला तरी बोलायचा नाही, सुटला तरी नाही. त्याचे गुडघे गेले आणि मी आले शैलेंद्र आणि शीलाच्या घरी. शैलेंद्र नागपूरचा, तेलाच्या कंपनीत इंजिनियर. शीला तासगावची, दातांच्या दवाखान्यात काम करते. त्यांची रुचा तेव्हा लहान होती. शीलानं मला पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, केवढी ही ठमा!" तेच नाव पडलं. खरं सांगू, आवडलं मला. म्हाताऱ्यानं तर नावच ठेवलं नव्हतं.

आता होडीला काही पाय नसतात. रस्त्यावर मी जाते ती ट्रेलरवर बसून, आणि ट्रेलर ओढायला पुढं कोणीतरी लागतं. माझ्या पुढं होता दादा. दादा म्हणजे थोरला पिकअप ट्रक. काळा, रुंद, म्हशीसारखा. मी मागं लागलेय हे त्याला बहुतेक आरशात बघूनच कळत असेल. चढ असो, वारा असो, दादा आपला गाणी ऐकत चाललाय. वरून त्याच्या पाठीवर एवढी जागा, की कूलर, खुर्च्या, सतरंजी, शेगडी, सगळं तिथं मावायचं. मी रिकाम्या अंगानं मागून. ऐश होती.

पण दादाचंही खरं बोलायला हवं. तो गॅरेजमध्ये मावायचा नाही. थंडीत बाहेर उभा, इंजिन गोठू नये म्हणून नाकातून हीटरची वायर लोंबतेय. डाउनटाउनच्या पार्किंगमध्ये छताला घासायचा. शीलाला चढायला इतका उंच, की ती देवघरातला जुना पाट गाडीत ठेवायची. आधी पाट खाली टाकायचा, त्यावर उभं राहायचं, मग उडी. दवाखान्यातली मंडळी काचेतून बघायची. रुचा चौदाची झाली, इथल्या नियमानं लर्नर्स लायसन्स काढलं, आणि एकदा दादाच्या स्टीअरिंगमागं बसून म्हणाली, "नोप. आय कान्ट इव्हन सी द रोड."

मग एके शनिवारी दादा विकला गेला. निरोपाला मी मागच्या अंगणात होते, दिसलं पण नाही नीट.

त्याच्या जागी आली धाकटी. निळी, हायब्रिड, चालताना आवाजसुद्धा नाही. गॅरेजमध्ये अशी शिरली जशी डब्यात पोळी. मी तिच्याकडं बघितलं आणि माझं पत्र्याचं काळीज धडधडलं. ही? मला ओढणार?

हेच जयदीपनं मोठ्यांदा विचारलं. जयदीप म्हणजे शैलेंद्रचा मित्र, कोल्हापूरचा, स्वतःचा भलामोठा पिकअप, आणि माझ्यावर त्याचा डोळा फार दिवसांचा.

"शैल्या, मर्दा, ही गाडी होडी ओढणार? होडीच हिला ओढंल की रं!"

"पुस्तकात लिहिलंय बाप्पा. वजन बसते. मी सगळं मोजलं."

"पुस्तकात बसतंय. तळ्याकडच्या कॉक्रेनच्या उतारावर बसतंय का बघ. नाय जमलं तर मला दे. माझ्याकडं सुखानं नांदंल."

शैलेंद्रनं एकदा धाकटीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "एक ट्रिप करून बघू. नाही झालं तर घेऊन जा तिला."

मित्रांनो, मी तिथंच उभी होते. माझ्यासमोर बोलला. रुचा दारातून ओरडली, "डॅड! शी इज नॉट अ काउच!" आणि दार आपटून आत गेली. त्या पोरीनं पहिला मासा माझ्या काठावरून धरलाय. तिला माझी काळजी वाटणारच.

ट्रिपचा दिवस उजाडला. तळ्यावर मराठी मंडळाची मिसळ पार्टी, आणि मिसळीचं काम शीलाकडं. आपल्या लोकांचं कसं असतं बघा. पिकनिकला जायचं म्हणजे घर उचलून न्यायचं. उसळीचं दोन माणसांनी उचलायचं पातेलं. कटाचा वेगळा डबा. कांद्याची पिशवी, दोन कूलर, पाण्याचे कॅन, शेगडी, घडीच्या खुर्च्या, सतरंज्या. दादा असता तर पाठीवर घेतलं असतं सगळं. धाकटीची डिकी दोन पिशव्यांत भरली.

"होडीत ठेव ना," शैलेंद्र म्हणाला.

शीलानं माझ्यात बघितलं. सपाट जागा कुठं, तर पार मागं, मोटरीजवळ. पातेलं कलंडायला नको म्हणून तिनं सगळं तिथं रचलं, दोऱ्या बांधल्या. चोख काम. मोटर आधीच माझ्या शेपटीला लटकलेली, त्यावर मिसळीचा संसार.

निघालो. जयदीप त्याच्या ट्रकमधून आमच्या मागं.

गावात ठीक होतं. पण कॉक्रेनचा मोठा उतार लागला आणि माझी शेपटी आपोआप डावीकडं गेली. मग उजवीकडं. मग परत डावीकडं, जास्त. मला थांबता येईना. मी डुलत होते आणि माझ्या डुलण्यानं धाकटीची मागची चाकं इकडंतिकडं सरकत होती. आत शैलेंद्रचे हात स्टीअरिंगवर घट्ट. नशीब, त्यानं ब्रेकवर उभं राहायचा वेडेपणा केला नाही. नुसता पाय उचलला. हळूहळू वेग उतरला, आणि आम्ही कडेला थांबलो.

शैलेंद्र उतरला. दोन मिनिटं टायरला हात लावून उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला. "पोरगी गाडीत आहे. मला हे नको. जयदीप, लाव तुझ्या ट्रकला. तुझी झाली ही."

जयदीप हुक घेऊन आलाच होता. रुचा गाडीतून उतरली, तिनं नुसता माझ्या काठावर हात ठेवला. थंड पत्र्याला ऊब कळते, मित्रांनो.

शीला मात्र माझ्याकडं बघत नव्हती. ती बाजूला जाऊन धाकटीचं बूड बघत होती. ते वर उचललं होतं. माझी मान, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा, धाकटीला खाली दाबायची सोडून वर ओढत होती.

"थांब शैलेंद्र," ती म्हणाली. "ही उलाळ झालीय."

"काय झालीय?"

"उलाळ. उसाची गाडी मागं जास्त भरली की बैलांच्या मानेवरचं जू वर उचलतं, त्याला म्हणतात. मामा ओरडायचा, उलाळ केलीस, पुढं सरकव. आणि मीच भरलंय रे ते मागं!" मग ती सावकाश जयदीपकडं वळली. "भावोजी. तुम्ही कोल्हापूरचे. घरापासून मागून बघत आलात. तुम्हाला उलाळ दिसली नाही?"

जयदीपनं हुक या हातातून त्या हातात घेतला.

"दिसली वहिनी."

"मग?"

"मोह झाला." कान लाल झाले त्याचे. "पण एवढी डुलंल असं वाटलं नव्हतं, देवाशपथ. नायतर हॉर्न मारला असता."

"आज तुम्हाला कट मिळणार नाही. कोरडी उसळ खायची."

"चालंल," असं म्हणत त्यानंच पहिली दोरी सोडली. कूलर आणि पाणी माझ्या पुढच्या भागात, ट्रेलरच्या चाकांच्या पुढं आलं. खुर्च्या जयदीपच्या ट्रकमध्ये. पातेलं धाकटीत, मागच्या सीटसमोर, रुचाच्या पायांमध्ये. "आय स्मेल लाइक मसाला नाऊ," ती म्हणाली, पण पातेलं तिनं दोन्ही हातांनी धरलं.

माझी मान खाली बसली. धाकटीच्या पाठीवर टेकली, अलगद. शैलेंद्र इतका हळू निघाला की मागून आलेल्या सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं. मग थोडं जोरात. मग अजून. मी सरळ. शेपटी जागेवर. उतार संपला तेव्हा आतून शीलाचा आवाज आला, "बघ!" आणि रुचानं काच खाली करून मागं, माझ्याकडं, अंगठा दाखवला.

त्या दिवशी मी मंडळातल्या सगळ्या पोरांना तळ्यात फिरवून आणलं. परत निघताना ओल्या रॅम्पवरून मला पाण्याबाहेर काढायची वेळ आली. जयदीप दोर घेऊन तयार होता. धाकटीनं एकदा दम घेतला, चारही चाकं रोवली, आणि मला वर आणलं. दमली, पण आणलं.

"ठमा आमच्याकडंच राहील," शैलेंद्र म्हणाला.

"राहू दे लेका," जयदीप म्हणाला. "पण मला बसायला तर बोलवशील?"

तर मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. पाण्यातून काढलं की माझं बूच उघडून पोटातलं पाणी वाहू द्या. चाकांना ग्रीस लावा. ताडपत्रीवरचा बर्फ शोव्हल करा, मला तो पेलवत नाही. आणि घरातलं जुनं कोणी नव्याशी जुळत नाही असं वाटलं, तर लगेच कोणाला देऊन टाकू नका. आधी एकदा सामान हलवून बघा.