लाईनवर राहा

"सगळं नका वाचू हो, नुसती शेवटची ओळ वाचा," मावशी फोनवर म्हणाली.

पलीकडच्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. त्यांच्या आईची दृष्टी गेली होती. तिला पुस्तकं ऐकवता यावीत म्हणून सकाळपासून त्यांची कॉम्प्युटरशी झटापट चालली होती. "जाऊ दे मावशी. हे सगळं माझ्या डोक्यावरून जातंय."

"जाऊ द्या की डोक्यावरून. बोटं चालतायत ना? लाईनवर राहा, मी इथंच आहे."

हे वाक्य मावशीच्या तोंडात तरुणपणापासून घोळलेलं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पुढे नंबर आपोआप लागायला लागले आणि तिच्यासारख्यांना टपाल फोडायला बसवलं. निवृत्त झाल्यावर ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका मंडळात गेली. दृष्टी अधू असलेल्यांसाठी ही पुस्तकं घरातल्याच एका कायम चालू कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवायची आणि कोणत्याही खोलीत फोनवर ऐकायची. त्यासाठीचा मंडळाचा प्रोग्रॅम फुकट होता, पण तो बसवायचा म्हणजे काळ्या पडद्यावर ओळीमागून ओळी टाइप करायच्या. कुठे ना कुठे माणसाचं घोडं अडायचंच. अशा वेळी विचारायला मावशीचा नंबर दिलेला होता.

यजमान गेल्यापासून घरात दुसरा आवाज नव्हता. हा फोन वाजायचा म्हणून ती वेळेवर उठायची, वेणी घालायची, नीटनेटकी होऊन बसायची. अनोळखी माणसं तिच्याशी घरच्यासारखी बोलायची. आपलं नशीब थोर, असं तिला रोज वाटायचं.

रविवारी मंडळाच्या बैठकीत प्रोग्रॅम लिहिणारा इंजिनिअर म्हणाला, "मावशी, नवीन आवृत्ती तयार आहे. एक बटण दाबायचं, बाकी सगळं कॉम्प्युटर तोंडी सांगतो."

मंडळातले प्राध्यापक उखडले. "सर्व्हर म्हणजे खेळणं आहे का? ज्याला बसवता येत नाही त्याला सांभाळता कसा येणार? तो रात्रंदिवस चालू असतो, बाहेरचा कोणीही आत शिरेल. थोडं कठीण आहे तेच बरं. माणूस शिकतो तरी."

मुद्दा खरा होता, आणि मावशीच्या सोयीचाही. अडणारी माणसंच उरली नाहीत तर फोन कोण करणार? ती मान डोलवत राहिली आणि मनातल्या मनात स्वतःवरच चिडली.

"नवख्यांना तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही," इंजिनिअर म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात तरच नवीन आवृत्ती काढू."

खालच्या मजल्यावर घड्याळवाले भाऊ राहायचे. जन्म बारीक चाकांत घालवला आणि आता डोळ्यांनी दगा दिलेला. भिंग घेऊन त्यांनी दोनदा प्रोग्रॅम बसवायचा प्रयत्न केला होता आणि दोनदा मावशीवरच डाफरून फोन आपटला होता. मी येऊन बसवून देते म्हटलं तर ऐकायचे नाहीत. माझ्या घरातलं यंत्र मीच लावणार, हा हट्ट.

मावशी नवीन आवृत्ती घेऊन त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "भाऊ, आज मी फक्त बसणार. बोलले तर परीक्षा रद्द."

"ऑपरेटरबाई आणि गप्प? बघू या."

मावशीने तोंडात पेपरमिंटची गोळी धरली. भाऊंनी चाचपडत बटण दाबलं. कॉम्प्युटर बोलायला लागला. भाऊ चुकले, पुन्हा दाबलं. मावशीच्या जिभेवर शब्द आला, तो तिने गोळीबरोबर गिळला. मध्येच पासवर्ड विचारला. भाऊंनी सोपा दिला, तो कॉम्प्युटरने नाकारला. पुन्हा दिला, पुन्हा नाकारला. "हे तर तुमच्यापेक्षा खाष्ट आहे," भाऊ कुरकुरले, पण शेवटी पक्का पासवर्ड त्यांनी स्वतःच्या मनानेच ठरवला.

मग कॉम्प्युटर म्हणाला, "आता थोडा वेळ लागेल. काही बिघडलेलं नाही. लाईनवर राहा, मी इथंच आहे."

भाऊंनी मान वळवली. "तुम्ही बोललात का हो?"

मावशीने नकारार्थी मान हलवली. भाऊंना ती दिसली नसावी. आवाज परक्या मुलीचा होता, वाक्य मात्र तिचं.

थोड्याच वेळात पहिलं पुस्तक सुरू झालं. भाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत बसले. मावशी तिथे आहे हे ते साफ विसरले होते. त्यांचा चेहरा बघून मावशीला जुनी गोष्ट आठवली. नंबर आपोआप लागायला लागले त्या पहिल्या दिवशी एक्स्चेंजमधल्या सगळ्याजणी तोंड पाडून बसल्या होत्या. त्याच दिवशी घरी येऊन तिने कुणाच्याही मिनतवाऱ्या न करता माहेरी फोन लावला होता, आणि आई बोलल्यावर तिला आनंदाने काही सुचलंच नव्हतं. ती आवाज न करता उठली आणि दार लोटून घेतलं.

"काढा," तिने इंजिनिअरला सांगितलं. "आणि प्राध्यापकांना सांगा, पासवर्डची पायरी कठीणच ठेवलीय. कुलूप ज्याचं त्यानंच लावायचं. पण ते वाक्य कुठून आणलंत?"

"तुमच्याकडूनच, मावशी. दुसरं काही सुचेना."

"कल्याण होवो तुमचं," एवढंच ती म्हणू शकली.

नवीन आवृत्ती निघाली, आणि फोन हळूहळू कमी होत बंदच पडला. मावशी वेणी घालून बसायची ती बसायचीच. मधूनच रिसीव्हर उचलून लाईन चालू आहे ना ते बघायची.

एका सकाळी फोन वाजला. त्याच बाई होत्या, शेवटच्या ओळीपाशी अडलेल्या.

"कुठे अडलं?" मावशीने विचारलं.

"कुठेच नाही हो. नवीन आवृत्ती घातल्यापासून पुस्तक लावताना ते मशीन रोज तुमचं वाक्य बोलतं. तेव्हा आईनं तुम्हाला स्पीकरवर ऐकलं होतं. म्हणते, वाक्य मावशीचं आहे पण आवाज कुठाय? तिला बोलायचंय तुमच्याशी. आतल्या खोलीत आहे, येतेय भिंत धरत धरत. वेळ लागेल. लाईनवर राहाल ना?"

"राहते की," मावशी म्हणाली. तिने खुर्ची जवळ ओढली, पदर सारखा केला आणि रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

पलीकडून काठीचा आवाज हळूहळू जवळ येत होता.