सलाइनच्या खांबांचा मांडव

चमचा ओठांजवळ गेला की आवडा तोंड भिंतीकडे वळवीत असे. पेज निवून जाई, तिच्यावर साय धरे आणि मी ती वाटी पलंगाखाली सरकवून ठेवी. त्या सकाळीही तसेच झाले. तपासणीस आलेल्या डॉक्टरांनी वाटीकडे पाहिले, तिच्या गळ्याला हात लावला आणि सांगितले की गिळण्यात आता दोष नाही. तरीही उद्यापर्यंत पोटात काही गेले नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल.

नळीचे नाव निघताच माझा मुलगा सुदेश उठून व्हरांड्यात निघून गेला.

अर्धांगाच्या झटक्याने आवडाचा उजवा हात लुळा पडला होता, परंतु हाताचे दुःख तिने मनास लावून घेतले नव्हते. तिचे शब्द गेले होते. काहीही बोलावयास जावे तर तिच्या मुखातून केवळ ‘बाय’ एवढेच निघे. पाणी हवे असले तरी बाय, खिडकी लावावयाची असली तरी बाय. आरंभी ती पुन्हापुन्हा प्रयत्न करी आणि चुकीचा शब्द ऐकून स्वतःच कपाळावर डावा हात मारी. पुढे तिने बोलणे सोडले आणि बोलण्यापाठोपाठ अन्नही सोडले.

माझी पत्नी आवडाबाई ही धवलारीण. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले गाणारी जी जाणती स्त्री असते, तिला धवलारीण म्हणतात. मानपाड्याच्या आसपासच्या गावांत तिच्यावाचून वरमाय पाटावर बसत नसे. मी मांडव बांधणारा. मी बांबू उभे करावेत, तिने उंबराची फांदी निरखून ‘हां, बांध’ म्हणावे आणि मग गाणे धरावे, अशी आमची उमेदीची सारी वर्षे गेली. आता लग्ने हॉलमध्ये होतात आणि लोखंडी मांडव ट्रकमधून तयारच उतरतात. तरीही धवल्यासाठी तिला बोलावणे येतच असे.

दुपारी संचिता मॅडम आल्या. वाचा गेलेल्या रुग्णांना पुन्हा बोलावयास शिकविणे हे त्यांचे काम. वयाने आमच्या नातीएवढ्या, राहणार ठाकुर्लीच्या. त्या मला बाजूस घेऊन म्हणाल्या, “बाबा, आजी गातात असं सुदेशदादा म्हणाले. बोलण्याची जागा मेंदूत ज्या बाजूला असते, तिथेच मार बसलाय. गाण्याची वाट जरा वेगळी असते. आपण तिकडून जाऊन बघू या का?”

मग त्यांनी मला एक जुनी हकिकत सांगितली. पावणेतीनशे वर्षांपूर्वी दूरच्या एका थंड देशातील वैद्याने ती लिहून ठेवली आहे. एका शेतकऱ्याचा तरुण मुलगा असाच आजारी पडला आणि ‘हो’ या शब्दावाचून त्याच्यापाशी काही उरले नाही. परंतु प्रार्थनेच्या वेळी कोणी आरंभीचा सूर धरून दिला की तो पुढची सारी स्तोत्रे स्वच्छ म्हणत असे. मला तो अनोळखी मुलगा फार जवळचा वाटला. त्याच्या शेजारी बसून सूर धरून देणारा माणूस कोण असेल, असे मी विचारले. मॅडम म्हणाल्या की त्याचे नाव काही त्यांच्या वाचनात आले नव्हते.

सुदेशच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा लग्नात भरून घेतलेला आवडाचाच धवला होता. त्याने तो तिच्या कानाशी लावला. तिने डोळे वटारले, डाव्या हाताने मोबाइल असा ढकलला की तो थेट पायथ्याशी जाऊन पडला, आणि नंतर तोंडावर पदर ओढून घेतला.

सुदेश म्हणाला, “आयला आता गाना पन नको झालाय. राहू दे, बाबा.”

परंतु ती तिच्या रागाची खूण मला ओळखीची होती. तिच्या आईने, विमलाबाईने, धवले शिकविताना तिला एकच गोष्ट बजावली होती, की मांडव नसताना धवला तोंडात आणावयाचा नाही. आवडाने ती आज्ञा आजन्म पाळली. भात निवडताना नाही, नातवंडे निजविताना नाही आणि मी एकदा लाडात येऊन हट्ट धरला होता, तेव्हाही नाही. वाचा गेली असली तरी ती आज्ञा तिच्यापाशी शाबूत होती.

मी सुदेशला उंबराची फांदी आणावयास सांगितली.

“बाबा, दवाखान्यान मांडव? लोका हसतील.”

“हसू दे. ती उपाशी रेल, त्याचे परीस लोका हसलेली बरी.”

सिस्टरबाईंची परवानगी संचिता मॅडमनी काढली. सिस्टरबाई म्हणाल्या की मोठे डॉक्टर यायच्या आत ते सगळे उतरवा, नाहीतर माझेच लग्न लावून देतील. मग त्यांनीच सलाइनचे दोन रिकामे खांब ढकलत आणून दिले. मी ते पलंगाच्या दोन्ही अंगांना उभे केले, वर बँडेजची पट्टी ताणली आणि फांदी बांधू लागलो. पट्टी ओढावी तशी लांबत होती. गाठ बसेना.

पदर खाली आला होता. आवडा पाहत होती. काही वेळाने तिने डावा हात उचलून खिडकीकडे दाखविले. फांदीचे तोंड उगवतीस हवे होते. माझ्याकडून ही चूक पूर्वीही होत असे आणि अशीच न बोलता दुरुस्त केली जात असे. मी फांदी फिरविली. तिने मान हलविली.

शेजारच्या पलंगावरील रुग्णाची सून शालू कौतुकाने पुढे आली आणि विचारू लागली, “मांडव झाला, पन नवरा-नवरी कोन गो?”

मॅडमनी बोटाने पलंगाच्या दांडीवर संथ ठेका धरला. आवडाचे ओठ हलले. आधी नुसता वारा आला, मग घोगरा सूर, आणि त्या सुरावर बसून शब्द आले, एकामागून एक, धड आणि स्वच्छ.

“उंबराचे सावलीन गो पाट मांडिला,
पाटावं बैसला गो कालुराम नवरा…”

आमच्या पिढीच्या बायका पतीचे नाव उच्चारीत नाहीत. ती मला जन्मभर ‘सुदेशचा बापूस’ म्हणत आली. तिच्या मुखातून माझे नाव मी त्या दिवशी प्रथम ऐकले. सुदेश खाली मान घालून उभा होता. मी खांब घट्ट धरून ठेवला, कारण त्याला चाके होती.

“शेजारी बैसली गो…”

तेथे ती थांबली. नवरीचे नाव तिला सापडेना. तिने छताकडे पाहिले, मॅडमकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत भीती दाटून आली. मी आयुष्यात कधी गायलो नव्हतो. तरी कसाबसा सूर पकडून मी म्हणालो, “आवडा नवरी.”

“आवडा नवरी,” ती म्हणाली आणि पुढे गात गेली.

गाणे संपल्यावर तिने स्वतःच वाटीकडे बोट दाखविले. पेज गार झाली होती. तिने ती तशीच खाल्ली, अर्धी हनुवटीवरून ओघळली, परंतु अर्धी पोटात गेली. नळी घालावी लागली नाही.

मॅडमनी मला खोटी आशा दाखविली नाही. गाण्यातले शब्द साध्या बोलण्यात उतरतीलच असे नाही, काहींचे उतरतात, काहींचे तेथेच राहतात, असे त्या म्हणाल्या. रोजच्या गरजेची वाक्ये त्यांनी त्याच चालीवर बसवून दिली.

आवडाचे तेथेच राहिले. आता आमच्या घरी पाणी, दिवा, उशी, सारे लग्नाच्या चालीवर मागितले जाते. भाजीत मीठ नसेल तर तेही वाजतगाजत सांगितले जाते, आणि मी बेसूर स्वरात क्षमा मागतो. रस्त्याने जाणारे नवखे लोक कुंपणाशी थांबून हळदीचे घर शोधतात.

मात्र नियम तिने सोडलेला नाही. ओटीच्या चौकटीला उंबराची फांदी असते. ती असेतोवरच तिचा कंठ उघडतो.

आज सकाळी उठलो तेव्हा पाने गळून उंबऱ्यावर पडली होती. आवडा रिकामा तांब्या मांडीवर धरून, ओठ मिटून, ताठ बसली होती. मी कोयता घेतला आणि तळ्याकाठच्या उंबराच्या वाटेला लागलो.