रोमुआल्दोची काठी

बेनी प्रांतातल्या कुरणांवरून विमानाने मांस वाहणाऱ्या रोमुआल्दोचा इंधनाच्या काट्यावर मुळीच विश्वास नव्हता. खाचा पाडलेली काठी टाकीत बुडवायची आणि कुठवर भिजली ते बघायचं, हे शास्त्र तो तीस वर्षं सगळ्यांना शिकवत आला होता. विमान बाळगणाऱ्या प्रत्येक शेजाऱ्याला त्याने नाताळात अशी काठी स्वतः कोरून दिली होती, सगळ्यांवर एकच मजकूर.

त्या दुपारी इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. गायींना पांगवत रोमुआल्दो शेजारीण नेल्वीबाईच्या कुरणात कसाबसा उतरला. उतरता उतरताच त्याला सकाळ आठवली. विमान उतारावर उभं होतं. आंब्याच्या सावलीतल्या पंखाची टाकी त्याने मोजली, ती काठोकाठ निघाली. दुसरा पंख उन्हात होता, म्हणून तोही भरलेलाच असणार असं त्याने धरलं. इंधन सगळं उताराकडच्या, म्हणजे सावलीतल्याच पंखात जमलं होतं. तीस वर्षांचा गुरू, आणि घाबरला कशाला, तर उन्हाला.

नेल्वी घोड्यावरून आली. "काय झालं, कप्तान?"

"कार्बोरेटर," रोमुआल्दो म्हणाला. "हल्ली चांगले सुटे भाग मिळतात कुठे?"

घरी जाऊन तिने आपल्या विमानासाठी ठेवलेल्या इंधनाचा कॅन आणला आणि सोबत भिंतीवर टांगलेली काठी.

"चष्मा घरी राहिला," ती म्हणाली. "यावर काय कोरलंयस ते जरा मोठ्यानं वाच."

रोमुआल्दोने घसा खाकरला.

"दोन्ही पंख मोज, गाढवा."