अंड्याच्या बुडाला बसेल असा टॉर्च

तिसरा टॉर्चही वाईट.

असं बाबा म्हणाले, आणि तो माझ्या तळहातावर असा ठेवला जसा काही मीच कारखान्यात बसून बनवला होता.

थांबा. आधी हे सांगायला हवं.

आमची उबवणीची भट्टी आहे, इजिप्तमध्ये फय्यूमजवळ, मातीच्या विटांची. एका खेपेला तीन हजार अंडी. गावातल्या बायका अंडी आणून देतात, एकविसाव्या दिवशी पिल्लं नेतात. सातव्या दिवशी प्रत्येक अंडं उजेडावर धरून पाहायचं. लाल शिरा दिसल्या तर जिवंत, ठेवायचं. नाही दिसल्या तर काढायचं. काढलं नाही तर ते सडतं, फुटतं आणि शेजारची दहा बरोबर घेऊन जातं. मागच्या खेपेला चाळीस फुटली. वास गल्लीच्या टोकापर्यंत. आमचं जुनं गिऱ्हाईक उम्म शह्हाता आपली टोपली उचलून पलीकडच्या गावातल्या विजेच्या यंत्राकडे गेली. तिच्या मागे अजून तिघी जायच्या बेतात. या खेपेलाही फुटली तर आमची भट्टी संपली.

सातवा दिवस: उद्या.

आता टॉर्च. किल्ल्यांच्या कड्याला लावतात तोच हवा, कारण त्याचं तोंड अंगठ्याएवढं असतं, अंड्याच्या बुडाला घट्ट बसतं. मोठ्याचा उजेड कडेने सांडतो. कडं बोटात अडकवलं की पडत नाही. आणि स्वस्तातला हवा, कारण पडतोच.

पहिल्याचं बटण दाबून धरावं लागायचं. मान्य. तीन हजार वेळा दाबून पाहा.

दुसरा एकदा दाबला की प्रखर, मग मंद, मग लुकलुक. बाबा भट्टीच्या भोकातून पोटावर सरपटत आत गेले आणि आतूनच म्हणाले की अंड्याला फिट आलीय.

तिसऱ्याचा उजेड म्हणे निळा. शिरा निळ्यात बुडतात. म्हणे.

चौथ्या फेरीला मी दोन अंडी, एक भट्टीतलं आणि एक घरातलं ताजं, ओढणीत गुंडाळून घेतली आणि मायक्रोबसमध्ये दोन्ही हात पोटावर धरून बसले. समोरच्या बाईने मला उठून खिडकीची जागा दिली. मी ती घेतली.

दुकानदार बुश्राकाकांनी मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"नगात, पोरी, लग्नाला तरी एवढे नकार दिले होतेस का?"

मी म्हटलं, "लग्नाला नवरा एकच होता, काका. आणि तो परत घेत नाहीत."

त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. मी गल्ल्यामागे वाकून एकेक टॉर्च अंड्याला लावत गेले. पिवळा: शिरा. पांढरा: शिरा. निळा: शिरा, कोळ्याच्या पायांसारख्या, मधोमध ठिपका. साबणाच्या पुड्याबरोबर फुकट आलेला, अर्धमेल्या सेलचा: शिरा. दुसरं अंडं प्रत्येकात कोरं, स्वच्छ.

मग मी पर्समधून नाकारलेले तिन्ही काढले.

शिरा. शिरा. शिरा.

बुश्राकाकांनी शटर वर केलं. हाजींना, तुझ्या बाबांना, सलाम सांग, एवढंच म्हणाले.

मला रडू यायला हवं होतं, नाही का? मला राग आला. चार फेऱ्या! अंगठा दुखतो, फिट येते, निळ्यात बुडतं. एकदा, फक्त एकदा म्हणायचं की नगात, मला दिसत नाही.

विकत काहीच घेतलं नाही. घरी येऊन तिसराच टॉर्च न सांगता बाबांच्या हातात दिला. बाबांनी जिवंत अंडं धरलं, दूर धरलं, जवळ आणलं, डोळे बारीक केले.

"हा तर तिसऱ्यापेक्षा वाईट," ते म्हणाले.

"हा तिसराच आहे, बाबा."

त्यांनी टॉर्च बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा बंद केला.

"प्रत्येक वेळी वाटायचं," ते म्हणाले, "पुढचा नीट निघेल."

मी त्यांच्या हातातून टॉर्च काढून घेतला. आणि राग गेला असं समजू नका.

सकाळी भोकातून मी आत गेले. घाम, अंधार, सरकी-भुशाचा धूर. बाबा मागोमाग, कुरकुरत. त्यांनी एक अंडं उचलून मिटलेल्या पापणीवर टेकवलं. ऊब आमच्यात अशीच पाहतात. डावी बाजू थंड आहे, फिरव, म्हणाले. बरोबर होतं. मग: हळू चाललंय. मग: टॉर्च असा नाही, असा. मग: बुडाला, बुडाला.

मी म्हटलं, बाबा, गप्प बसा नाहीतर बाहेर जा. ते गप्पही बसले नाहीत, बाहेरही गेले नाहीत.

दुपारपर्यंत दोनशे काढली. मग एक असं आलं की समजेना. शीर होती, की कवचाची चीर? मी फिरवून फिरवून पाहिलं. शेवटी त्यांच्यापुढे धरलं.

"हे ठेवू?"

ते अंड्याकडे बघतच नव्हते.

"तू बघतेयस ना?" ते चिडून म्हणाले. "मग मला काय विचारतेस."

मी अजून एकदा पाहिलं, आणि काढलेल्यांच्या टोपलीत टाकलं.